झेलणारी

१

नांदगाव खंडेश्वराच्या अलीकडं, ओढ्याच्या काठानं वसलेल्या एका गावात खुशालरावांचं घर होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळं गणगोत या घरी गोळा व्हायचं, आणि ते पितरांपेक्षा दुर्गाबाईच्या हातच्या शेवयांसाठीच गोळा होतं, असं लोक म्हणायचे. ते अगदीच खोटं नव्हतं. दुर्गाबाई म्हणजे खुशालरावांची बायको, घरातली थोरली सून. गहू ओलवून दळायचा, पीठ वस्त्रगाळ करायचं, भिजवून मुसळानं कुटायचं, ओढलं तरी तुटू नये इतकं चिवट करायचं, आणि मग पाटावर बसायचं. लांब पाटाचं एक टोक बाजेवर, दुसरं जमिनीवर. बाजेवरची बाई तळव्यानं पीठ वळत जाते, तशी शेवई पाटावरून खाली उतरते. खाली दुसरी बाई बसलेली असते. ती शेवई बोटांवर झेलते, लड धरते, तोडते आणि काठीवर वाळत घालते. वळणारीला मान वर करायला सवड नसते. खालच्या बाईवर तिला भरवसा टाकावा लागतो.

इतकी वर्षं झेलायला मनकर्णा असायची. मनकर्णा ही चंद्रभानची, म्हणजे खुशालरावांच्या धाकट्या भावाची बायको, माहेर अकोल्याकडचं. दोघी जावा दुपारभर एक शब्द न बोलता काम करायच्या आणि त्यांचं भांडण कधी कोणी ऐकलं नाही. मनकर्णेची एक खोड होती. लड काठीवर टाकण्याआधी ती खालच्या टोकाला हलकासा पीळ द्यायची, पोरीच्या वेणीच्या शेवटाला देतात तसा. पहिल्या साली दुर्गाबाई हसली होती. मग तिलाही पीळ नसलेली लड उघडीबोडकी वाटायला लागली.

ही मनकर्णा पौषात नाहीशी झाली. संध्याकाळी चूल पेटवायला कोणी नाही म्हणून हाका मारल्या, तेव्हा कळलं. विहिरीत गळ टाकले, ओढा पालथा घातला. मग कोणीतरी म्हणालं, बडनेऱ्याकडं आगगाडीच्या लोखंडी सडकेचं काम चाललंय, तिथला एक मुकादम कडबा घ्यायला गावात आला होता. तो कधी आला, त्याला कोणी पाहिलं, हे कोणी विचारलं नाही. महिनाभरात गावाची खात्री पटली. मनकर्णेचा बाप अकोल्याहून आला, ओसरीवर खाली मान घालून बसला, पाणीसुद्धा न घेता उठून गेला. चंद्रभाननं घरात तिचं नाव काढू दिलं नाही. आता आखाजी झाली की तिवशाकडची मुलगी बघायला जायचं ठरलं होतं.

दुर्गाबाईनं कोणाशी वाद घातला नाही. पण चैत्र सरताना ती शेवयांचं पीठ भिजवायला बसली, तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की निघून जाणारी बाई अंगावरचं लुगडं बदलून तरी जाते, आणि मनकर्णेचं चांगलं लुगडं तर घरातच होतं.

२

ते कापसाचे दिवस होते. साता समुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली होती, त्यामुळं विलायतेला वऱ्हाडचाच कापूस लागायचा. लोकांनी ज्वारीच्या रानात पऱ्हाटी लावली. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. खुशालरावांनी घरातली एक आख्खी खोली कापसाला दिली होती. घर धाब्याचं; खोलीच्या वरच धाब्याला भोक ठेवलेलं. वरून गडी कापूस टाकायचे, आत कोणीतरी तो तुडवत राहायचं, म्हणजे खोलीत जास्त मावायचा. पौष सरताना खोली आढ्यापर्यंत गच्च भरली. भोक बुजवलं, दाराला कडी-कुलूप लागलं. अमरावतीचे दलाल येऊन गेले, पण भाव अजून चढेल म्हणून खुशालराव थांबून राहिले.

शेवयांचा पाट माजघरात मांडायचा आणि कापसाच्या खोलीचं दार माजघरातच उघडत होतं. कापूस भरल्यापासून माजघराला आवाज राहिला नव्हता. भांडं पडलं तर नुसता धप्प आवाज यायचा, पुढं काही नाही. हाक मारली तर ती भिंतीत जिरून जायची. दुर्गाबाईला याची सवय झाली होती. माघात त्या बाजूनं वास आला होता, तेव्हा उंदीर मेला असेल म्हणून दाराच्या फटीत धूप कोंबला होता. पुढं वासही गेला.

खुशालरावांची धाकटी बहीण सत्यभामा अकोल्याहून आखाजीला आली होती. यंदा तीच झेलायला बसली. तिचा हात काही वाईट नव्हता, पण दुपार चढली की तिला पेंग यायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, की जरा ओसरीवर पाठ टेकून येते. दुर्गाबाई हो म्हणाली आणि हातातला गोळा संपेपर्यंत वळत राहिली.

बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं. तळवा पुढं, तळवा मागं. शेवई पाटावरून सरसरत खाली जात होती. सत्यभामा उठून गेलीय आणि खाली झेलायला कोणी नाही, हे दुर्गाबाईच्या ध्यानात होतं. ती मनात म्हणत होती, आता खाली गुंता झाला असेल, आता थांबावं. पण हाताला लय लागली होती. गोळा संपला तेव्हा तिनं मान वर केली.

खाली गुंता नव्हता. शेवया काठीवर वाळत होत्या, एकसारख्या, एकमेकींना न चिकटता. आणि प्रत्येक लडीच्या टोकाला पीळ होता.

३

माणसाचं मन आधी सोपं कारण शोधतं. दुर्गाबाई धरून चालली, की सत्यभामा मधूनच येऊन गेली असेल. तिनं ओसरीवर जाऊन पाहिलं तर सत्यभामा तोंडावर पदर घेऊन घोरत होती. उठल्यावर विचारलं, तर ती म्हणाली, मी कशाला येऊ, तूच घातल्या असशील. मग दुर्गाबाईनं तेही मानून पाहिलं. उन्हानं डोकं शिणतं. हात आपापलं काम करतात. वर्षानुवर्षं तो पीळ पाहिलेला, आपल्याच हातून पडला असेल.

दुसऱ्या दिवशी तिनं सत्यभामेला सांगितलं, जा पड जराशी. सत्यभामेला तेवढंच हवं होतं.

दुर्गाबाई बाजेवर बसली. तळव्याखाली पीठ घेतलं. या खेपेला तिनं ठरवलं होतं, की मध्येच मान वर करून बघायचं. पण शेवई पाटाच्या खालच्या टोकाशी पोचली आणि तिच्या हाताला कळलं. शेवईला ताण होता. ओढ म्हणावी इतका नाही. खालची बाई बोटांवर शेवई घेते तेव्हा वरच्या तळव्याला जेवढा कळतो, तेवढाच. वळणाऱ्या बाईलाच तो कळतो, दुसऱ्या कोणाला सांगून समजायचा नाही. दुर्गाबाईनं हात मंद केला, तर खालचा ओघही मंद झाला. तिनं हात थांबवला. शेवई पाटावर तशीच राहिली, खाली न लोंबता, तंबोऱ्याच्या तारेसारखी.

मान वर करायला ती धजली नाही. पुष्कळ वेळ ती आपल्याच बोटांकडं बघत बसली. मग तिनं हळूच परत वळायला सुरुवात केली, कारण थांबणं जास्त भीतीचं वाटलं. गोळा संपला. ताण सुटला. तेव्हा कुठं तिनं पाहिलं.

खाली कोणी नव्हतं. लडी काठीवर होत्या. शेवटची शेवई मात्र काठीवर गेली नव्हती. ती पाटाच्या टोकावरून जमिनीवर उतरली होती, माजघर ओलांडून सरळ गेली होती आणि कापसाच्या खोलीच्या दाराखालच्या फटीतून आत शिरली होती.

दुर्गाबाई दाराशी गेली, खाली बसली आणि शेवई चिमटीत धरून ओढली. ती निमूटपणे बाहेर आली. बरीच लांब होती. तिच्या टोकाला कापसाची बोंडभर रुई चिकटली होती, आणि रुई ओलसर होती.

४

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला खोली उघडायला सांगितली. खुशालराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, बैलांना पेंड घालता घालता. का म्हणून विचारलं. तिला नीट सांगता आलं नाही. आत उंदीर झाले असतील, इतकंच ती म्हणाली. खुशालराव म्हणाले, की उंदीर कापूस खात नाहीत, सरकी खातात, खाऊ दे थोडी. भाव अजून चढायचा आहे, आता दार उघडलं तर हवा लागून कापूस पिवळा पडेल.

मग ती चंद्रभानकडं गेली. तो अंगणात बंडीच्या चाकाला तेल देत होता. दुर्गाबाईनं त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं. या घरात आली तेव्हा तो मिसरूड न फुटलेला पोरगा होता. त्यामुळं तिनं आडवळण घेतलं नाही.

"चंद्रभानजी, पौषात खोली भरली, त्या दिवशी आत तुडवाले कोन होतं?"

त्याचा हात चाकावर थांबला.

"आमी वरून टाकत होतो, वयनी," तो म्हणाला. "वरून खालचं काय दिसते?"

"हाक नाई मारली तुमी?"

"बंड्या एकामागं एक येऊन राहिल्या होत्या. दिवस बुडत होता." त्यानं तेलाचं बोळकं खाली ठेवलं आणि परत उचललं. "ते आधीच बाहीर निंगाली असन. निंगालीच असन. मंग गेली जिकडं जायचं तिकडं. लोक सांगून राहिले ना सारे."

त्याच्याकडं बघून दुर्गाबाईला कळलं, की या माणसानं चार महिने हेच वाक्य मनात घोटलं आहे आणि त्याशिवाय त्याला झोप लागत नाही. मुकादमाची गोष्ट गावात पहिल्यांदा कोणी काढली, तेही तिला तेव्हा कळलं.

पुढचे दोन दिवस तिनं शेवया केल्याच नाहीत. पीठ झाकून ठेवलं. पण आखाजी तोंडावर आली होती, माणसं येऊन राहिली होती, आणि केलेल्या पुरणार नव्हत्या. सत्यभामा विचारायला लागली. शेवटी दुर्गाबाई पाटावर बसली आणि सत्यभामेला बजावलं, काही झालं तरी उठायचं नाही. सत्यभामा बसली. दोघींमध्ये शेवई उतरत राहिली. थोड्या वेळानं सत्यभामा म्हणाली, "वयनी, तू इतक्या जोरानं काहून ओढते?"

दुर्गाबाई तर ओढत नव्हती. शेवई वरून खाली येते. वरच्या बाईला ओढताच येत नाही.

५

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी अमरावतीहून माणूस आला. लढाई थांबली होती. भाव उतरायला लागला होता आणि आज ज्यानं कापूस पोचवला नाही त्याचा उद्या मातीमोल होणार, असं बाजारात बोललं जात होतं. खुशालरावांनी हातातली भाकर ताटात टाकली. गाड्या जुंपायला सांगितल्या आणि कमरेची किल्ली काढली. चंद्रभान म्हणाला, वावरात काम आहे, आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत निघून गेला.

दार आत उघडत नव्हतं, इतका कापूस दाटला होता. गड्यांनी ते बिजागरीतून काढलं. समोर पांढरी भिंत उभी होती. कवेकवेनं कापूस ओढून गोणपाटात भरायला सुरुवात झाली. माजघरात रुई उडायला लागली. दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात नाकाला पदर लावून उभी होती.

दार होतं तिथून हातभर आत गेल्यावर एक गडी थबकला. मग दुसरा थबकला. दोघं मागं सरले, तेव्हा दुर्गाबाईला दिसलं.

कापसात पोकळी होती. ओल्या मातीत कोणी बसून उठावं तसा ठसा, पण चहूबाजूंनी. दुमडलेल्या गुडघ्यांची जागा होती, पाठीचा बाक होता, किंचित झुकलेल्या डोक्याची गोलाई होती. दाराच्या बाजूला दोन अरुंद भुयारं आली होती, दोन हात पुढं धरल्यासारखी. आतला कापूस घासून घासून गुळगुळीत, पिवळट झाला होता. बाई झेलायला बसते तशी कोणी बाई तिथं बसली होती.

आणि पोकळी रिकामी होती.

"उंदरानं केलं," खुशालराव म्हणाले. त्यांनी पुढं होऊन दोन्ही हातांनी ती पोकळी मोडली, कापूस खाली ओढला, पायानं कालवला. "भरा बाप्पा लवकर. ऊन चढून राहिलं."

खोली पार जमिनीपर्यंत मोकळी झाली. दुर्गाबाईनं स्वतः झाडून काढली. तिला काहीतरी सापडायला हवं होतं. बांगडीची काच, लुगड्याची चिंधी, काहीही. म्हणजे ते घेऊन नदीवर जाता आलं असतं, रडता आलं असतं, अकोल्याला सांगावा धाडता आला असता. काही सापडलं नाही. खुशालराव मात्र गाड्या गेल्यावर विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात हात धूत बसले होते, आणि जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

माजघराला आता आवाज आला होता. चालताना पावलं ऐकू येत होती. दुर्गाबाई रिकाम्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिला वाटलं, की आपण थांबल्यावर एक पाऊल जास्त वाजलं.

६

आखाजीच्या दिवशी घर माणसांनी भरून गेलं. मोठ्या पातेल्यात, गंजभर शेवया शिजल्या. गूळ, दूध, वर तूप. पाण्यानं भरलेल्या घागरी मांडल्या. खुशालरावांनी पितरांची पानं ओळीनं लावली, बापाचं, आईचं, चुलत्याचं. दुर्गाबाईनं शेजारी आणखी एक पळसाची पत्रावळ ठेवली आणि तिच्यावर शेवया वाढल्या.

"हे कोनाचं?" चंद्रभाननं विचारलं.

"मनकर्णेचं," ती म्हणाली. चारचौघांत तिनं हे नाव चार महिन्यांनी घेतलं. निघून गेलेली बाई म्हणून जिचं नाव गावानं मळवलं होतं, तिला निदान मेलेली म्हणायची ही एकच जागा होती, आणि ती आज सोडली तर पुन्हा मिळणार नव्हती.

सगळे खुशालरावांकडं बघायला लागले. खुशालराव आपल्या हातांकडं बघत होते.

चंद्रभान खाली वाकला. त्यानं ती पत्रावळ उचलली. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं, पण बोलणं ठाम होतं.

"जित्या बाईचं पान पितरांत मांडत नसते, वयनी."

तो पत्रावळ घेऊन आत गेला आणि माजघरात, जिथं बायकांची पंगत बसणार होती, तिथं भिंतीकडेला ठेवून आला.

पुरुष जेवून उठले. बायकांची पंगत बसली. वाढायला दुर्गाबाईच होती. ओसरीवर मोठी माणसं होती म्हणून तिनं पदर कपाळाखाली ओढून घेतला होता. तिला समोरच्यांची तोंडं दिसत नव्हती. पत्रावळी दिसत होत्या आणि हात दिसत होते. ती गंज घेऊन ओळीनं पुढं सरकत गेली. नको म्हणायला बायका पत्रावळीवर हात आडवा धरत होत्या, ती पुढं जात होती. सत्यभामेचा हात, पाटलिणीचा हात, शेजारच्या माणिकबाईचा हात.

ओळ संपली असं वाटून ती वळणार, तर भिंतीकडेला अजून एक पत्रावळ होती, मघाची, आणि तिच्यावरच्या शेवया सरल्या होत्या. तिच्यासमोर दुमडलेले गुडघे होते. पत्रावळीच्या दोन्ही बाजूंना दोन हात होते, तळवे वर, बोटं थोडी पसरलेली. बोटांच्या सांध्यांत पांढरं काही बसलं होतं. पीठ असेल. रुईही असेल.

दुर्गाबाईनं पळी भरून वाढली. हात आडवा आला नाही. तिनं परत वाढली. हात आडवा आला नाही.

पुढं कित्येक वर्षं सत्यभामा अकोल्यात सांगायची, की वयनी त्या दिवशी भिंतीकडच्या रिकाम्या पत्रावळीसमोर वाकून पळीमागं पळी ओतत राहिली, आख्खा गंज ओतला तिनं, आणि पत्रावळ रिकामीची रिकामी. चंद्रभान ओसरीतून पाणी मागायला दारात आला होता. त्यानं भिंतीकडं पाहिलं आणि उंबऱ्यावरच खाली बसला. तिवशाची सोयरीक त्यानंतर कोणी काढलीच नाही, कारण चंद्रभानला त्या दिवसापासून भिंतीकडं पाठ करून बसता येईनासं झालं, आणि तोंड करूनही.

दुर्गाबाईला यातलं काही कळत नव्हतं. ती वाढत होती. पळी गंजाच्या बुडाला खरवडली. तिनं तळ पुसून काढला, शेवटची शेवई पत्रावळीवर सोडली.

"सरल्या वं बाई," ती हळूच म्हणाली. "आता नाईत."

समोरचे हात हलले नाहीत. मग त्या हातांच्या वर, समोरच्या बाईचा कपाळाखाली ओढलेला पदर सावकाश वर व्हायला लागला.

दुर्गाबाईला उठून जाता आलं असतं. तिनं गंज खाली ठेवला, आपला पदर मागं सारला आणि मान वर केली.